धात्री, दाई, आया : मूल राखणाऱ्या हातांचा इतिहास

मराठीत शेत राखतात, गुरे राखतात आणि मूलही राखतात. या तिन्ही ठिकाणी 'राखणे' या क्रियापदात एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती ही की राखणारा हा मालक नव्हे. संध्याकाळ झाली की गुरे धन्याच्या गोठ्यात जावयाची, पीक हाती आले की ते धन्याच्या खळ्यावर जावयाचे. आणि मूलही दिवस मावळताना ज्याचे त्याच्या स्वाधीन करावयाचे. मात्र गुरे आणि शेत राखणाऱ्याला जी एक गोष्ट करावी लागत नाही, ती मूल राखणाऱ्याला करावीच लागते. त्याला त्या मुलावर माया करावी लागते. मायेवाचून मूल राखले जात नाही, आणि माया लावली तरी संध्याकाळी ते परत द्यावेच लागते. या व्यवसायाची सारी अवघड बाजू या एका वाक्यात येते, असे आम्हांस वाटते.

सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेत संस्थेच्या इतिहासाबरोबर या विषयाला जागा मागण्याचे कारण उघड आहे. नोकरीनिमित्त, बदलीनिमित्त वा व्यापारानिमित्त आपण महाराष्ट्राबाहेर आलो, तेव्हा आजी, आत्या, काकू, मावशी गावाकडेच राहिल्या. घरातले पहिले मूल रांगू लागले तेव्हा त्याच्यामागे धावणारे माणूस पुष्कळदा आपल्या भाषेचे नव्हते. कोणाच्या घरी ती बंगाली होती, कोणाच्या घरी तेलुगू, कोणाच्या घरी छत्तीसगढी वा गढवाली. आपल्या मुलांनी पहिला शब्द कोणता उच्चारला हे आपल्याला आठवते. परंतु तो ऐकायला त्या वेळी घरात कोण होते, याची नोंद सहसा कुठे नसते. म्हणून या हातांचा इतिहास थोडक्यात पाहावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

शास्त्रकारांची धात्री

मूल सांभाळणाऱ्या स्त्रीची लक्षणे आपल्याकडे फार पूर्वी सांगून ठेवली आहेत. चरकसंहितेच्या शारीरस्थानातील आठव्या अध्यायात धात्रीची परीक्षा कशी करावी हे आले आहे. ती तरुण असावी, निरोगी असावी, शांत स्वभावाची, निर्व्यसनी आणि स्वच्छ असावी, बेसावध नसावी, मुलांवर प्रेम करणारी असावी. या यादीत दोन विशेषणे आमच्या विषयाच्या दृष्टीने लक्षात ठेवण्यासारखी आहेत. एक 'देशजातीया', म्हणजे त्याच प्रदेशातली. दुसरे 'जीवद्वत्सा', म्हणजे जिचे स्वतःचे मूल जिवंत आहे अशी. तिचे मूल जिवंत असावे ही अट शास्त्रकारांनी घातली. परंतु ती दुसऱ्याचे मूल पाजीत असताना तिच्या मुलाचे काय करावे, हे मात्र त्या यादीत येत नाही. हा प्रश्न पुढे शतकानुशतके तसाच राहिला, आणि या लेखात तो आपल्याला पुनःपुन्हा भेटणार आहे.

त्याच अध्यायात मुलाची खोली कशी असावी, तीत उजेड आणि हवा कशी असावी, पण वाऱ्याचा झोत कसा नसावा, डास आणि उंदीर यांपासून ती कशी सुरक्षित ठेवावी, हेही सांगितले आहे. खेळणी रंगीत, हलकी आणि आवाज करणारी असावीत. त्यांना टोके नसावीत, ती तोंडात जातील इतकी लहान नसावीत, आणि मूल घाबरेल अशी नसावीत. इतकेच नव्हे, मूल रडत असले वा जेवत नसले तरी राक्षस-पिशाचांची नावे घेऊन त्याला भिववू नये, असेही तेथे स्पष्ट बजावले आहे. आपल्या घराघरांत पिढ्यान्‌पिढ्या जेवणाच्या वेळी हजर होणारा बागुलबुवा चरकाचार्यांना मान्य नव्हता, हे कळल्यावर कित्येक आज्यांना नवल वाटेल.

बौद्ध वाङ्‌मयात या कामाची विभागणीही आढळते. दिव्यावदानातील कथांत श्रीमंताघरी मूल जन्मले की त्याला आठ धात्रींच्या स्वाधीन केले जाते : दोघी कडेवर घेणाऱ्या, दोघी दूध पाजणाऱ्या, दोघी स्वच्छता राखणाऱ्या आणि दोघी खेळविणाऱ्या. कथेतील हा थाट राजवैभवाचा आहे. पण त्यातून एक गोष्ट समजते. घेणे, भरविणे, स्वच्छ ठेवणे आणि खेळविणे ही चार कामे वेगवेगळी आहेत, आणि प्रत्येकाला स्वतंत्र माणूस लागावे इतकी ती मोठी आहेत, हे त्या काळी ठाऊक होते. पुढे मध्यम स्थितीतल्या घरांनी ही चारही कामे एकाच बाईच्या पदरात घातली, आणि जोडीला भांडी व केरही दिला.

अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात हारीती आणि पांचिक यांचे शिल्प आहे. हारीती ही मुळात मुले खाणारी यक्षिणी. बुद्धाने तिचेच एक मूल लपविले, तेव्हा तिला दुसऱ्या आयांचे दुःख कळले आणि ती मुलांची रक्षक झाली, अशी कथा आहे. कृष्णकथेत पूतना दूध पाजण्याच्या मिषाने विष घेऊन येते आणि यशोदा परक्याच्या पोटचे मूल आपले म्हणून वाढविते. परक्या हाती मूल देताना आईबापांच्या मनात जे भय असते आणि जी आशा असते, ती दोन्ही या कथांत आली आहेत.

कापूरहोळची धाराऊ

मराठ्यांच्या इतिहासात या परंपरेतले एक नाव टिकून राहिले आहे. १४ मे १६५७ रोजी पुरंदर किल्ल्यावर संभाजीराजांचा जन्म झाला. सईबाईसाहेबांची प्रकृती नाजूक असल्याने बाळाला पुरेसे दूध मिळेना, तेव्हा कापूरहोळ गावच्या गाडे घराण्यातील धाराऊ ही दूधआई म्हणून नेमली गेली. सप्टेंबर १६५९ मध्ये सईबाई राजगडावर निवर्तल्या, तेव्हा संभाजीराजे सव्वादोन वर्षांचे होते. पुढचे संगोपन जिजाऊसाहेबांच्या देखरेखीखाली झाले. परंतु त्या पहिल्या दिवसांत ज्या दुधावर हा देह वाढला ते कापूरहोळच्या एका कुणबिणीचे होते. पुणे-सातारा रस्त्याने जाणाऱ्या आपल्यापैकी अनेकांनी हे गाव गाडीच्या खिडकीतून पाहिले असेल.

'दूधआई' आणि 'दूधभाऊ' हे मराठीतले दोन शब्द येथे मुद्दाम नोंदवावेसे वाटतात. दूध पाजणे ही नुसती चाकरी असती, तर 'भाऊ' हा शब्द तिला जोडला गेला नसता. एकाच स्तनावर वाढलेल्या दोन मुलांत नाते निर्माण होते, आणि ते जात-कूळ ओलांडून पाळावयाचे असते, अशी समाजाची धारणा होती. धाराऊच्या मुलांकडे आपण दूधभाऊ म्हणून पाहतो ते त्यामुळेच.

चितोड, आग्रा, दिल्ली

आपण ज्या ज्या प्रांतांत स्थायिक झालो तेथेही अशी नावे आहेत, आणि ती आपल्या मुलांना ठाऊक असावीत. राजस्थानातील मराठी कुटुंबांना पन्ना दाईची कथा नवी नाही. १५३५ साली चितोडच्या जोहारात राणी कर्णावती गेली. १५३६ मध्ये बनवीराने राणा विक्रमादित्याला मारले आणि तो बालक उदयसिंहाच्या महालाकडे वळला. परंपरा अशी सांगते की पन्नाने उदयसिंहाला टोपलीत घालून गडाबाहेर पाठविले आणि त्याच्या बिछान्यावर स्वतःचा मुलगा चंदन याला निजविले. बनवीराची तलवार चंदनवर पडली. उदयसिंहाला कुंभळगडावर आसरा मिळाला. १५४० मध्ये तो चितोडच्या गादीवर आला, आणि त्याच्याच नावाने पुढे उदयपूर वसले. महाराणा प्रताप हा त्याचा पुत्र.

या कथेचा गौरव आपण नेहमी स्वामिनिष्ठा म्हणून करतो. तो योग्यच आहे. परंतु चंदनच्या बाजूने पाहिले तर तीच कथा निराळी दिसते. दुसऱ्याच्या मुलाला राखणाऱ्या स्त्रीचे स्वतःचे मूल कोणी राखावयाचे, हा चरकाच्या यादीत न आलेला प्रश्न चितोडगडावर इतक्या भयंकर रूपाने उभा राहिला, आणि त्याचे उत्तर तिने स्वतःच्या पोटच्या गोळ्याने दिले. गाणी, नाटके आणि पुतळे पन्नाच्या वाट्याला आले. चंदनचे नाव मात्र आपण ओझरतेच घेतो.

मोगलांच्या दरबारी दाईला फार मोठा मान होता. 'अनगा' म्हणजे दूध पाजणारी, 'अतगा' म्हणजे तिचा नवरा आणि 'कोका' म्हणजे दूधभाऊ, असे पदांसारखे शब्दच तेथे रूढ होते. अकबराच्या दायांपैकी माहम अनगा ही त्याच्या कारकिर्दीच्या आरंभी राज्यकारभारातही वजन राखून होती. दिल्लीत पुराण्या किल्ल्यासमोर तिने १५६१ साली बांधविलेली खैर-उल्-मनाझिल ही मशीद आजही उभी आहे. १५६२ मध्ये तिचा मुलगा अधमखान याने दुसऱ्या दाईचा, जीजी अनगाचा, नवरा शम्सुद्दीन अतगाखान याचा आग्र्याच्या वाड्यात खून केला. अकबराने अधमखानाला तटावरून खाली फेकविले. मुलाच्या मागोमाग थोड्याच दिवसांत माहमही गेली. अधमखानाची कबर महरौलीस आहे आणि अतगाखानाची निजामुद्दीनला. जीजी अनगाचा मुलगा अझीझ कोका याचे अनेक उद्दामपणाचे अपराध अकबराने दुधाच्या नात्यासाठी पोटात घातले. त्याची कबर, म्हणजे चौसष्ट खांबा, हीही निजामुद्दीनलाच आहे. दिल्लीकर मंडळींनी पाहुण्यांना कुतुबमिनार दाखविताना या तीन कबरींकडेही बोट दाखवावे. एका बादशहाच्या बालपणाचा इतिहास त्यांत निजलेला आहे.

बोटीवरची आया

'आया' हा शब्द आपण मराठी म्हणून वापरतो, पण तो आला पोर्तुगीजांकडून. त्यांच्या भाषेत 'आइया' म्हणजे मूल सांभाळणारी वा मुलींवर देखरेख करणारी बाई. पश्चिम किनाऱ्यावरून तो शब्द हिंदुस्थानच्या बहुतेक भाषांत गेला आणि इंग्रजांनीही तोच उचलला. कंपनीच्या आणि नंतर राणीच्या राज्यात प्रत्येक गोऱ्या घरात आया असे. जोशुआ रेनॉल्ड्स या इंग्रज चित्रकाराने १७६५-६६ च्या सुमारास जॉर्ज क्लाइव्हच्या कुटुंबाचे एक चित्र काढले. ते आज बर्लिनच्या चित्रसंग्रहालयात आहे. त्यात क्लाइव्ह आहे, त्याची पत्नी आहे, हिंदी वस्त्राभूषणे ल्यालेली चिमुकली मुलगी आहे, आणि तिला सावरून धरलेली एक हिंदी स्त्री आहे. चित्राच्या नावात क्लाइव्हचे नाव येते, कुटुंबाचा उल्लेख येतो, आणि त्या स्त्रीचा उल्लेख 'हिंदी दासी' एवढाच येतो.

साहेबाचे कुटुंब विलायतेला निघाले की बोटीवर मुले सांभाळण्यासाठी आयेला बरोबर नेत. अनेक महिन्यांचा तो प्रवास, १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाल्यावर काही आठवड्यांवर आला आणि अशा आयांच्या फेऱ्या वाढल्या. परंतु लंडनच्या धक्क्यावर पाय ठेवताच कित्येकींना कामावरून दूर केले जाई. परतीचे भाडे मिळेलच याची शाश्वती नसे. अशा स्त्रियांसाठी लंडनमध्ये 'आयांचे घर' या नावाची वसतिगृहासारखी संस्था चालत असे. १९०० साली ती हॅक्नी भागातील किंग एडवर्ड्स रोडवर आली. परतणाऱ्या एखाद्या कुटुंबाला आया हवी असेल तोवर या बायका तेथे थांबत. जून २०२२ मध्ये त्या घरावर निळी स्मृतिफलिका बसविण्यात आली. ज्यांची नावे चित्रांखाली लिहिली गेली नाहीत, त्यांच्या व्यवसायाचे नाव निदान एका भिंतीवर लागले.

गिरणी, अफू आणि कायदा

इकडे मुंबईत कापडगिरण्यांचे भोंगे वाजू लागले होते. कोकणातून, घाटावरून आलेली कुटुंबे चाळीच्या एका खोलीत राहत. नवरा-बायको दोघेही गिरणीत, सासू गावी. तान्ह्या मुलाचे काय करावयाचे? शेजारची म्हातारी थोड्या पैशांत चार पोरे सांभाळी. तीही नसेल तर मुलाला बाळगोळी देत. बाळगोळी म्हणजे अफू घातलेली गोळी. ती घेतली की मूल आई परत येईतो निपचित पडून राही. पुढे गिरणकामगार स्त्रियांच्या स्थितीची पाहणी झाली, तेव्हा ही चाल किती सर्रास होती हे उजेडात आले. त्या आयांना दोष देणे सोपे आहे. पण दिवसभर रडणाऱ्या मुलाजवळ बसणारे माणूसच जेथे नव्हते, तेथे त्या माणसाच्या जागी अफू आली, हे विसरता येत नाही.

१९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात प्रसूतीच्या काळात स्त्री-कामगारांना भत्त्यासह विश्रांती द्यावी या विधेयकाची चर्चा झाली, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला जोरदार पाठिंबा दिला. १९२९ मध्ये तो कायदा झाला. अशा प्रकारचा हा हिंदुस्थानातील पहिला. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कारखाने कायद्याने पन्नासांहून अधिक स्त्रिया काम करीत असलेल्या कारखान्यात सहा वर्षांखालील मुलांसाठी पाळणाघर असावे असे बंधन घातले. १९७६ मध्ये ही संख्या तिसावर आणली गेली. १९५१ च्या मळेकामगार कायद्यातही तशीच तरतूद झाली. आसामच्या चहामळ्यांच्या आसपास राहिलेल्या आपल्या कुटुंबांनी झाडाला बांधलेल्या झोळ्या पाहिल्या असतील, आणि काही मळ्यांतली पाळणाघरेही. कायदा झाला तरी स्त्रियांची संख्या मर्यादेच्या आत ठेवण्याची युक्ती अनेक मालकांना चांगली अवगत होती.

ताराबाई आणि धाकट्याला सांभाळणारी ताई

या सर्व काळात देशातील बहुसंख्य मुले सांभाळली ती मात्र दाईने नव्हे, आयेने नव्हे, पाळणाघराने तर नव्हेच. ती सांभाळली आठ-नऊ वर्षांच्या थोरल्या बहिणीने. आई शेतावर वा मजुरीवर जाई आणि धाकटे भावंड ताईच्या कडेवर येई. ही गोष्ट आपल्या शिक्षणशास्त्राच्या ध्यानात आणून देण्याचे श्रेय एका मराठी स्त्रीकडे जाते.

ताराबाई मोडक (१८९२-१९७३) यांचे मोठे कार्य सुरू झाले ते महाराष्ट्राबाहेर, भावनगरला. तेथे गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये दक्षिणामूर्ती बालमंदिर उघडले होते. ताराबाई त्यांच्या सहकारी झाल्या, गुजराती आपलीशी केली आणि १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. घरापासून दूर जाऊन दुसऱ्या भाषेतल्या मुलांची आई होणारी ही बाई आपल्यासारख्यांना विशेष जवळची वाटावी. १९४५ मध्ये त्यांनी ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे काम सुरू केले. तेथे अनुताई वाघ (१९१०-१९९२) त्यांना येऊन मिळाल्या. बोर्डीत असा अनुभव आला की, मुले शाळेत येत नाहीत. तेव्हा शाळाच वस्तीच्या अंगणात न्यावी. त्यातून 'अंगणवाडी' आली. पुढे १९५० नंतरच्या दशकात त्याच जिल्ह्यातील कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासी मुलांत काम करताना दुसरी अडचण स्पष्ट झाली. थोरली मुलगी शाळेत येत नाही, कारण तिच्या कडेवर धाकटे मूल आहे. आणि थोरला मुलगा येत नाही, कारण त्याच्यामागे गुरे आहेत.

यावर त्यांनी काढलेला तोडगा साधा आणि अचूक होता. 'विकासवाडी'त पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणली. ताईने भावंडाला घेऊन यावे, त्याला पाळणाघरात ठेवावे आणि स्वतः शेजारच्या वर्गात बसावे. गुराख्यांसाठी शाळा कुरणावर गेली. मूल राखणाऱ्या लहान मुलीचेही बालपण राखावयाचे असते, हा विचार यापूर्वी इतक्या स्वच्छपणे कोणी अमलात आणल्याचे आमच्या वाचनात नाही. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण आणि अनुताईंना १९८४ मध्ये पद्मश्री देऊन सरकारने त्यांचा गौरव केला.

१९६९ हे गांधी जन्मशताब्दीचे वर्ष. दिल्लीत राजघाटाजवळ प्रदर्शनाच्या इमारती उभ्या राहत होत्या आणि विटा-वाळू वाहणाऱ्या मजूर स्त्रियांची मुले धुळीत, उन्हात पडून होती. ते पाहून मीरा महादेवन यांनी तेथेच एका तंबूत पाळणाघर सुरू केले. बांधकाम एका जागेवरून दुसरीकडे गेले की पाळणाघरही हलवावयाचे, म्हणून त्याला 'मोबाइल क्रेशेस' हे नाव पडले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांपासून सुरू केली आणि तिच्या गावोगावच्या केंद्रांना 'अंगणवाडी' हेच नाव मिळाले. आज आसामात, ओडिशात, आंध्रात तो शब्द आपल्याला भेटतो, तेव्हा बोर्डीच्या त्या अंगणाची आठवण ठेवावी.

परंतु अंगणवाडी चालविणाऱ्या सेविका आणि मदतनीस यांना सरकारने नोकर मानले नाही. त्या 'मानसेवी' ठरल्या. त्यांना वेतन नव्हे, 'मानधन' मिळू लागले. मूल सांभाळणे हे पुण्याचे काम, म्हणून त्याचा मोबदला मागू नये, ही जुनी समजूत या शब्दांत डोकावते. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या सेविका आणि मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असा निर्णय दिला. चरकापासून आतापर्यंतच्या प्रवासात हा टप्पा आम्हांस महत्त्वाचा वाटतो : धात्रीची लक्षणे सांगणारे पुष्कळ झाले, तिचा हक्क सांगणारे थोडे.

दोन्ही बाजूंची जबाबदारी

या साऱ्या इतिहासातून मूल राखणाऱ्या व्यक्तीच्या जबाबदाऱ्या सहज हाती येतात. मूल नजरेआड होऊ न देणे, वेळेवर आणि स्वच्छ हाताने भरविणे, झोपेची वेळ सांभाळणे, आजाराचे पहिले चिन्ह आईबापांना न लपविता सांगणे, भीती दाखवून काम न उरकणे, आणि मूल ज्याचे त्याला सुखरूप परत देणे. याहून नवे असे आजची प्रशिक्षित सेविकाही फारसे सांगणार नाही. जवळ दूरध्वनी क्रमांकांची यादी असावी आणि औषध विचारल्यावाचून देऊ नये, ही भर तेवढी पडेल.

दुसऱ्या बाजूच्या जबाबदाऱ्यांची यादी मात्र कोणत्याही संहितेत नाही. ती आपणच करावयाची आहे. पहिली ही की, मूल राखण्यासाठी मूल आणू नये. गावाकडून दहा-बारा वर्षांची मुलगी 'बाळाला खेळवायला' म्हणून आणण्याची चाल आपल्या मध्यमवर्गीय घरांत, परप्रांतातही, बराच काळ होती, आणि तिला जेवूखाऊ घालतो यात आपण उपकार मानीत होतो. ऑक्टोबर २००६ पासून चौदा वर्षांखालील मुलांना घरकामास ठेवणे कायद्याने बंद झाले. कोसबाडला ताराबाईंनी जी ताई शाळेत बसविली, तिलाच आपण स्वयंपाकघराच्या दाराशी बसविले होते, हे आता तरी ओळखले पाहिजे. दुसरी जबाबदारी ही की कामाचे तास, सुट्टी, आजारपण आणि पगार यांची बोली आधी स्वच्छ करावी. 'ती घरातल्यासारखीच आहे' हे वाक्य सुट्टी नाकारताना वापरू नये. तिसरी, तिने लावलेल्या मायेचा मत्सर करू नये. मूल तिच्याकडे झेपावते याचा अर्थ तिने आपले काम चोख केले, एवढाच आहे.

चौथी गोष्ट भाषेची. परमुलखात वाढणारे मूल आयेची भाषा आधी बोलू लागले की आपल्याला चुटपुट लागते. ही चुटपुट खोटी नाही. मराठी घरात टिकावी यासाठीच तर मंडळाचा शिशुवर्ग, मंडळाचा गणेशोत्सव आणि मंडळाचे ग्रंथालय उभे राहिले. परंतु मराठी शिकविण्याचे काम आईबापांचे व मंडळाचे आहे, तिचे नव्हे. चरकाने धात्री 'देशजातीया' असावी असे म्हटले. आपण ज्या देशी राहतो तेथली ती आहे, आणि तिच्यामुळे आपले मूल त्या देशी परके राहिले नाही. आपल्या मुलांना गल्लीत खेळायला नेले, शेजाऱ्यांची नावे शिकविली, बाजारातले शब्द दिले ते तिनेच. आपण ज्याला 'इथे रुळलो' असे म्हणतो, त्यातला बराच भाग तिच्या कडेवर घडला.

आणि शेवटची जबाबदारी तीच, जी चरकाच्या यादीत राहून गेली, चितोडगडावर चंदनच्या रूपाने पुढे आली आणि लंडनच्या धक्क्यावर, गिरणगावात, बोर्डीत पुनःपुन्हा उभी राहिली. ती आपले मूल सांभाळते त्या वेळी तिचे मूल कोणाजवळ आहे, हे आपण विचारले पाहिजे. उत्तर पुष्कळदा एकच येते : तिची थोरली मुलगी घरी असते. म्हणजे आपल्या घरातील स्त्रीने नोकरी करावी म्हणून तिच्या घरातील मुलीने शाळा सोडावी, असा हा हिशेब होतो. २०१७ च्या कायद्याने पन्नास वा अधिक नोकर असलेल्या कचेऱ्यांत पाळणाघराची सोय करण्याचे बंधन आले. पण घरोघर काम करणाऱ्या बाईची कचेरी म्हणजे आपले घर, आणि तेथे पन्नास नोकर नसतात. तिला तो कायदा पोहोचत नाही.

मंडळाला पन्नास वर्षे झाली. इमारती, सभागृहे, नाट्यप्रयोग यांची नोंद या स्मरणिकेत अन्यत्र आहे, आणि ती अभिमानास्पद आहे. आमची सूचना लहान आहे. मंडळाच्या वास्तूत दिवसा रिकाम्या असणाऱ्या खोलीपैकी एक खोली पाळणाघराला द्यावी. त्यात आपल्या सभासदांची मुले असावीत आणि त्यांच्या घरी काम करणाऱ्या स्त्रियांची मुलेही असावीत, एकाच सतरंजीवर. शिकविणाऱ्या बाईंना मानधन नव्हे, वेतन द्यावे. आणि जुने सभासद अद्याप आपल्यात आहेत तोवर त्यांच्याकडून एक यादी करून घ्यावी : आपल्या मुलांना ज्यांनी राखले त्या बायकांची नावे, त्यांची गावे आणि त्यांच्या मुलांची नावे. काही नावे आठवणार नाहीत. जी आठवतील ती मंडळाच्या दप्तरात लिहून ठेवावीत. कापूरहोळच्या धाराऊचे नाव साडेतीनशे वर्षे टिकले, ते कोणीतरी लिहून ठेवले म्हणूनच.